‘बॉरो’ आणि ‘लेंड’: उसनं कोण देतं, कोण घेतं?

चाळीसगावहून एका पालकांनी विचारलंय: मुलीने निबंधात ‘माय फ्रेंड बॉरोड मी हर सायकल’ लिहिलं, बाईंनी ‘बॉरोड’ खोडून ‘लेंट’ केलं. दोन्हींचा अर्थ उसनंच ना, मग चुकलं कुठे?

बाईंनी केलं ते बरोबर. आपल्याकडे ‘उसनं’ एकच; कुणाकडून कुणाकडे, हे ‘देणं’ आणि ‘घेणं’ सांगतात. इंग्रजीत ते क्रियापदातच आलं. घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’. सायकल मैत्रिणीने दिली, म्हणून ‘शी लेंट मी हर सायकल’. मुलीला स्वतःकडून सांगायचं तर ‘आय बॉरोड हर सायकल’. अहिराणीत जिथे ‘माले दे’ म्हणाल तिथे ‘लेंड मी’ म्हणा. ‘बॉरो’च्या पुढे वस्तू येते, आणि ज्याच्याकडून घेतली त्याच्याआधी ‘फ्रॉम’.

मला मात्र खरी गोम पुढेच वाटते. शेजारून वाटीभर कळण्याचं पीठ आणलं, तर ते उसनं. त्या पिठाची भाकरी होऊन जाते. परत जातं ते तेवढंच दुसरं पीठ. सायकल तीच परत करायची, म्हणून ‘उसनी सायकल’ आपण सहसा म्हणत नाही. ‘मागून आणली’, ‘दोन दिवस चालवायला घेतली’ म्हणतो. किती नेमका भेद जपलाय मराठीने! इंग्रजीत पीठ, सायकल, ग्रंथालयातलं पुस्तक, सगळ्यांना ‘बॉरो’च. तेव्हा मुलांना ‘बॉरो म्हणजे उसने घेणे’ एवढंच पाठ करायला लावू नका. ‘परत करायच्या बोलीवर घेणे’ असं सांगा.

वाण्याकडून साखर उधार आणली, तर ते ‘बॉरो’ नव्हे. ती खरेदीच, पैसे तेवढे नंतर. ट्रॅक्टर भाड्याने आणला, तर ‘हायर’. आणि वस्तू उचलून नेण्याजोगी हवी. पाहुण्यांकडचं बाथरूम ‘यूज’ करतात, ‘बॉरो’ नाही.

पैशांना दोन्ही चालतात. कपाशीसाठी विकास सोसायटी पीककर्ज देते तेव्हा सोसायटी ‘लेंड’ करते, शेतकरी ‘बॉरो’. भूतकाळात ‘लेंट’, ‘लेंडेड’ असं रूपच नाही. अमेरिकेत ‘शी लोन्ड मी’ही सर्रास म्हणतात, पण बोर्डाच्या पेपरात मुलीने ‘लेंट’च लिहावं.