बांध दर साल का फुटतो? मृगाआधी वावरात करायची कामं

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आमच्याकडे बांध, बोअर आणि गाळ यांचेच प्रश्न जास्त येतात. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी तिघांना इथे उत्तर देतो. पहिल्याला सविस्तर देतो, कारण ती चूक मला पारोळ्यापासून शिंदखेड्यापर्यंत शिवारोशिवारी दिसते.

पारोळा तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे, “साहेब, बांध दर साल फुटस. आते काय करू?” चार एकर काळी जमीन, उतार नाल्याकडे, खालच्या टोकाला जेसीबीने घातलेला उंच बांध. पाणी दोन-तीन दिवस तुंबतं, कपाशी माना टाकते आणि शेवटी बांध मधोमध फुटून माती नाल्यात जाते.

भाऊ, तुमचा बांध कमजोर नाही. त्याच्यावर टाकलेलं काम चुकीचं आहे. चार एकरांवर एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस पडला तर आठ लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ८० टँकर. वरच्या वावरातून येणारं पाणी वेगळंच. भारी काळी जमीन ओली झाली की फुगते आणि पाणी मुरण्याचा वेग एकदम कमी होतो. मग हे सगळं पाणी बांधाला टेकून उभं राहतं. त्यातच बांधही त्याच काळ्या मातीचा. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी भेगेत शिरतं, आतून माती ओढतं आणि सकाळी खिंडार दिसतं. कपाशी माना टाकते ती आकस्मिक मर, मुळांना हवा न मिळाल्याने होणारी. तिथे आधी पाणी काढून वाफसा, म्हणजे ओल आहे पण हवाही खेळते अशी माती, आणावा लागतो.

म्हणून भारी काळ्या जमिनीत पाणी पूर्ण अडवणारा समपातळी बांध घालू नका, ढाळीचा बांध घाला. म्हणजे बांधाच्या रेषेला अगदी थोडा उतार द्यायचा, १०० मीटरला २० ते ४० सेंटिमीटर. पाणी बांधाच्या कडेकडेने हळू चालतं, चालताना मुरतं, माती मागे ठेवतं आणि उरलेलं सांडव्यातून, म्हणजे जादा पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेतून, निघून जातं. आखणीला मोठं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या. दर ३० मीटरला खुंटी ठोका आणि पुढची खुंटी मागच्यापेक्षा ६ ते १२ सेंटिमीटर खाली येईल अशी रेषा धरा. नुसत्या नजरेवर जाऊ नका, काळ्या सपाट वावरात नजर हमखास फसवते.

बांधाची माती वरच्या अंगाने उथळ उकरून घ्या. खालच्या अंगाला खोल चर काढला की बांधाचा पायाच सुटतो. सांडवा बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली ठेवा, त्याला दगडाचं अस्तर द्या आणि तोंड नैसर्गिक ओघळीकडेच काढा. शेजारच्या वावरात पाणी सोडून आपला बांध वाचवायचा, हे मी कुणालाही सुचवणार नाही. पांझरेच्या काठी आपल्या वाडवडिलांनी फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालवली. बंधारा एक, पाट एक, आणि कुठल्या फडात, म्हणजे जमिनीच्या कुठल्या तुकड्यात, काय पेरायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. बांधाचंही तसंच आहे. उताराच्या माथ्यावरचा शेतकरी सोबत आला तर खालच्याचं निम्मं काम आपोआप होतं. मृगाआधी एकदा त्याच्याशी बोला.

बांधावर मारवेल किंवा पवना गवताची ठोंबं लावा. मुळं माती धरतात आणि गुरांना चाराही होतो. पहिल्या हलक्या पावसानंतर माथ्यावरच्या भेगा बुजवून चोपून घ्या. हे दर वर्षी करायचं.

पण बांधापेक्षाही आधीचं काम तिफणीचं आहे. पेरणी उताराला आडवी करा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की माती कापण्याची ताकद चौपट होते, आणि उभी ओळ पाण्याला मोकळा रस्ता देते. एका एकरातली मिलिमीटरभर माती गेली तर ती सुमारे दीड ब्रास भरते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). वाळूच्या ब्रासचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो, या मातीचा हिशोब मात्र कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कपाशी महिना-सव्वा महिन्याची झाली की कोळप्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडा. पावसाने ताण दिला तर त्याच सरीतली ओल पीक तगवते.

यावलच्या एका ताईंनी केळीच्या बागेबद्दल लिहिलं आहे. बोअर आटत चालला आहे, बागेतलं पावसाचं पाणी थेट त्यात सोडावं का, असा त्यांचा प्रश्न आहे. ताई, थेट सोडू नका. केळीला आपण भरपूर खत देतो, फवारण्या करतो. ते पाणी बोअरमध्ये गेलं तर तुमच्याच पिण्याच्या पाण्यात उतरेल. नाल्याचं पाणी घ्या, तेही पहिले एक-दोन पाऊस वाहून गेल्यावर. बोअरभोवती दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. खड्ड्यातल्या केसिंगला (बोअरच्या पाइपाला) बारीक छिद्रं पाडून काथ्या गुंडाळा. खाली मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू भरा. नाल्याचं गढूळ पाणी आधी एका लहान खड्ड्यात निवळू द्या, मगच इकडे येऊ द्या. दर पावसाळ्याआधी वरची वाळू धुवा, नाहीतर गाळ बसून सगळं बंद पडतं.

तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याला आहात, तिथल्या दगडगोट्यांच्या थरात पाणी झपाट्याने मुरतं. म्हणून प्लास्टिक अंथरलेलं शेततळं बोअरच्या पाण्याने भरण्यापेक्षा गावनाल्याचं खोलीकरण आणि बंधारा यावर जोर द्या. जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात ठेवलं की बाष्पीभवनात त्याचा मोठा हिस्सा उडून जातो. कापलेली केळीची खोडं तुकडे करून ओळींमध्ये पसरा. करपा रोगाची पानं मात्र बागेबाहेर काढा.

साक्रीकडच्या शेतकऱ्याने तलावातल्या गाळाबद्दल विचारलं आहे. मुरमाड, हलक्या वावरात जरूर टाका, ओल टिकेल. आधीच भारी काळी जमीन असेल तर टाकू नका, चिबड वाढेल, म्हणजे पाणी साचून राहील. टाकण्याआधी गाळाचा नमुना माती परीक्षणाला द्या, खारवट निघाला तर तिथेच थांबा. पसरल्यावर वखराने खालच्या मातीत मिसळा. नुसता वर राहिला तर पहिल्याच पावसात परत तलावात जाईल.