अंपायर, एम्पायर आणि पळालेला 'न'

प्रश्न असा आलाय की 'अंपायर' आणि 'एम्पायर' हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत का, आणि त्याला मराठीत 'पंच' म्हणणं कितपत बरोबर. पहिल्याचं उत्तर नाही. एम्पायर म्हणजे साम्राज्य, लॅटिनमधल्या हुकूम देण्याच्या शब्दावरून आलेला. अंपायरचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तरी गल्लीतल्या टेनिस बॉल टूर्नामेंटपासून टीव्हीपर्यंत सगळे 'एम्पायरने आऊट दिला' म्हणतात आणि वर 'अहो मैदानाचा सम्राटच तो, म्हणून एम्पायर' असं ज्ञान पाजळतात, ते ऐकून डोकं उठतं.

आता खरी गंमत. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याच्या सुरुवातीला 'न' होता. जुन्या फ्रेंचमधे 'नॉनपेर', त्याचं मध्ययुगीन इंग्रजीत झालं 'नाउंपेर'. यातला 'पेर' लॅटिनच्या 'पार'वरून, म्हणजे समान, जोडीतला. इंग्रजी पेअर, पीअर, गोल्फमधला पार, सगळे एकाच घरचे. आणि 'नॉन' म्हणजे नाही. म्हणजे जोडीत न बसणारा, विषम, दोघांच्या भांडणातला तिसरा. बास, एवढाच अर्थ. ना सम्राट ना हुकूम.

विल्यम लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन'मधे, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दीर्घकाव्यात, हा शब्द सापडतो आणि तोही कुठे, तर दारूच्या गुत्त्यात! एक खादाड माणूस निघालेला असतो चर्चला आणि शिरतो गुत्त्यात, तिथे एक चांभार आपला झगा आणि घोड्यांची निगा राखणारा एकजण आपली टोपी अदलाबदलीला काढतात, कशाची किंमत जास्त यावर काही केल्या एकमत होईना, मग रॉबिन नावाचा दोर वळणारा उठतो आणि त्याला 'नाउंपेर' केलं जातं. इंग्रजी साहित्यातला हा अंपायर म्हणजे गुत्त्यातला एक गिऱ्हाईक, पांढरा कोट नाही की काही नाही.

मग 'न' गेला कुठे? इंग्रजीत नामाआधी 'अ' किंवा 'अॅन' लागतं ना, तिथे गडबड झाली. लोक बोलायचे 'अ नाउंपेर', ऐकणाऱ्याने तोडलं 'अॅन आउंपेर', झालं, 'न' शेजारी राहायला गेला. एप्रनचं तेच, मूळ 'नेप्रन', म्हणून तो नॅपकिनचा सख्खा नातेवाईक. अॅडर सापाचंही तेच, जर्मनमधे तो अजून 'नाटर' आहे. आणि उलटंही होतं, 'अॅन एकनेम' म्हणजे जादाचं नाव, त्याचं झालं 'अ निकनेम', म्हणजे तिथे 'न' फुकटात मिळाला. न्यूट म्हणजे पालीसारखा दिसणारा, पाण्यातही राहणारा छोटा प्राणी, त्यालाही तसाच, तो मूळचा 'यूट'.

सतराव्या शतकातल्या मिनश्यू आणि स्किनर या विद्वानांना मात्र हे सुचलं नाही. त्यांनी काय केलं, फ्रेंचमधे 'अं पेर' म्हणजे 'एक बाप', म्हणून अंपायर! बापासारखा निवाडा करतो म्हणून. सॅम्युएल जॉन्सननेही १७५५च्या कोशात हे नोंदवून ठेवलंय. कोशात छापलं म्हणजे खरं मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. ऐकायला गोड लागलं की व्युत्पत्ती झाली, हा रोग जुनाच आहे, एम्पायरवाले काही नवीन नाहीत.

माझं स्वतःचं एक मत आहे, पटलं तर घ्या. क्रिकेटने या शब्दाचा पार विचका केला. अंपायर म्हणजे जोडीत न बसणारा, आणि क्रिकेटमधे ते उभे असतात दोन! १७२७च्या एका सामन्याचा लेखी करार आहे, त्यात प्रत्येक बाजूचा एकेक अंपायर ठरवलाय, म्हणजे तटस्थपणाचीही बोंब. फुटबॉलमधेही आधी असंच, दोन टीमचे दोन अंपायर, त्यांचं पटलं नाही की बाहेर बसलेल्या तिसऱ्याकडे प्रकरण रेफर करायचं, म्हणून तो रेफरी. १८९१मधे रेफरी मैदानात आला आणि अंपायरांचे लाइन्समन झाले. अर्थाने बघितलं तर खरा नाउंपेर तो रेफरीच होता. क्रिकेटला हा तिसरा माणूस मिळायला १९९२ उजाडलं, नोव्हेंबरात डर्बनला सचिनला रनआऊट देणारे कार्ल लिबेनबर्ग. म्हणजे 'थर्ड अंपायर' हे 'पिवळा पीतांबर'सारखं झालंय, अंपायर म्हटलं की त्यात तिसरा आलाच.

आणि म्हणूनच मला वाटतं की आपल्याकडे या शब्दाची खरी जोडी 'त्रयस्थ' किंवा 'तिऱ्हाईत' आहे, दोन्हीत तीन बसलेला आहे. 'पंच' वापरा हो, रुळलाय, 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतोच आपण, आणि पाच हीसुद्धा विषम संख्या, मतं समसमान पडायची भीती नाही. पण एकट्या माणसाला पंच म्हणताना थोडं हसू येतंच.

आता कोणीतरी ऑरेंज काढणार हे मला माहितीये. 'नारंगचं अ नॉरेंज, त्याचं अॅन ऑरेंज', हे इतक्या ठिकाणी छापलंय की बस. चूक आहे. नारंग संस्कृतातून फारसी, अरबी करत युरोपात गेला, स्पॅनिशमधे 'नारांखा' म्हणून त्याचा 'न' शाबूत आहे, पण इटालियनमधे 'अरांचा' आणि जुन्या फ्रेंचमधे 'ओरेंज' झालं ते इंग्रजीत यायच्या आधीच, फ्रेंचमधे 'ऑर' म्हणजे सोनं, त्यानेही हातभार लावला असणार. एप्रन आणि अंपायरचा 'न' इंग्रजांनी खाल्ला, कबूल, पण नारंगाचा आळ त्यांच्यावर घालू नका.