पाच लाखांच्या आतल्या सहा पावत्या

निपाणीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ६२, खाजगी कारखान्यातून निवृत्त, पेन्शन नाही. घर स्वतःचं, नवरा-बायकोचा खर्च महिना पंधरा हजार. नाद जुन्या मराठी पुस्तकांचा, त्यातही ज्यांत लेखकाचं हाताने लिहिलेलं पत्र जपलंय अशा प्रतींचा. कोल्हापूरचा एक व्यापारी अशी तीस पुस्तकं तीन लाखांना देतोय. पाच वर्षांत दामदुप्पट, असं त्याचं म्हणणं. घ्यावीत का, एवढाच त्यांचा प्रश्न.

पुस्तकांकडे येतो. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलाय: ‘पैशाची काळजी नाही. २८ लाख आमच्या सौहार्द बँकेत साडेअकरा टक्क्यांनी आहेत, विमा मिळावा म्हणून पाच लाखांच्या आतल्या सहा पावत्या केल्यात.’

अहो, ती बँक नव्हेच! कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेली ती पतसंस्था आहे. पाच लाखांचा ठेव विमा असतो तो बँकांना, त्यात सहकारी बँकाही आल्या. सौहार्द सोसायटीला तो नाही. म्हणजे तुमच्या २८ लाखांवर विमा शून्य. आणि बँक असती तरी मर्यादा माणशी असते, मुद्दल आणि व्याज धरून. एकाच नावावर सहा पावत्या करा नाहीतर साठ. ही युक्ती पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणाऱ्याने सांगितली म्हणता. ठेवी आणण्याचं कमिशन घेणाऱ्याला एवढं तरी ठाऊक हवं होतं, किंवा ठाऊक असून तो गप्प बसला.

सोसायटी बुडेल असं मी म्हणत नाही. चेअरमन सज्जन असतील. पण ठेवीला साडेअकरा देणारी संस्था कर्ज चौदा-पंधराच्या खाली देऊच शकत नाही. बँकेत त्याहून स्वस्तात मिळत असताना तिथे कर्ज घ्यायला कोण जातं, याचा विचार करा.

उद्याच एका पावतीचे पैसे लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं उत्तर आलं, तर उरलेल्या पाच पावत्यांचे अर्जही त्याच दिवशी द्या. पैसे मिळाले, तरी बाकीचे मुदत संपेल तसे काढत राहा.

२५ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्या व्याज ८.२ टक्के, म्हणजे महिना सरासरी सतरा हजार, हातात दर तिमाहीला. तीन लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, आजारपणासाठी. आज महिना सत्तावीस हजार येतात, ते सतरा होतील. हे दहा हजार कमी झाले म्हणून हळहळू नका; तुमचा पुस्तकांचा सगळा हिशेब याच दहा हजारांवर उभा होता. खर्च जाऊन वर्षाला चोवीस हजार उरतात. त्यातले दहा हजार खुशाल नादासाठी घ्या, बाकीचे महागाईला लागतील.

आता तीन लाखांचा लॉट. दुकानदार निम्म्या किमतीत परत घेतो असं धरा, आणि मराठी पुस्तकांत तो तेवढेही देईल याची खात्री नाही. तुमच्या हातात सहा लाख यायचे तर दुकानातला भाव बारा लाख व्हायला हवा. पाच वर्षांत चौपट! मराठी पत्रांना एवढं गिऱ्हाईक आहे कुठे?

शिवाय तुम्ही पाठवलेला फोटो नीट बघा. १९६५ तारखेच्या त्या इनलँडवर पिनकोडचे चौकोन छापलेत. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. पत्त्यात ‘निपाणी, कर्नाटक’ लिहिलंय, तर राज्याचं नाव १९७३ पर्यंत म्हैसूर होतं. कर्नाटक कुणी सवयीनेही लिहील, पण चौकोनांचं काय? तारीख खोटी आहे किंवा अख्खं पत्र. बाकी एकोणतीस पत्रांचे कागद, शिक्के, तिकिटं याच डोळ्यांनी तपासा. १९५७ च्या आधीच्या तिकिटावर आणे हवेत, नये पैसे नव्हेत.

पत्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्कही मिळाला, असं व्यापारी सांगत असेल तर तेही खोटं. कागद तुमचा, मजकुराचा हक्क लेखकाचा आणि त्याच्यामागे वारसांचा.

लॉट नको म्हणून कळवा. त्यातलं एखादं अस्सल पत्र पुस्तकासह दहा हजारांच्या आत सुटं देत असेल, तर घ्या.