ट्रिगर जड लागतो म्हणून किट मागवण्याआधी

वय एकवीस लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. तुझा प्रश्न असा: निपाणीत राहतोस, चार महिन्यांपूर्वी ४.५ मिमीची, बॅरल मोडून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची, स्प्रिंगवाली एअर रायफल घेतलीस, ट्रिगर दगडासारखा लागतो, १० मीटरवर ग्रुप जमत नाही, म्हणजे गोळ्या एका जागी पडत नाहीत. आता धातूची ट्रिगर-पट्टी, म्हणजे बोटानं ओढायचा भाग, आणि हलक्या स्प्रिंगांची पुडी असलेलं किट मागवायचं म्हणतोस. घालू का?

पट्टी घाल. स्प्रिंगांची पुडी मात्र फोडू नकोस.

कारण सांगतो. तुझ्या रायफलीत मोठी स्प्रिंग पिस्टनला ढकलून उभी असते आणि तो सगळा जोर सियरच्या, म्हणजे पिस्टन अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, नखाएवढ्या कडेवर अडकलेला असतो. ट्रिगर ओढतोस म्हणजे ती कड त्या दाबाखाली घासत सरकवतोस. जडपणा बहुतेक तिथून येतो. ट्रिगरमागची बारीक स्प्रिंग त्यात थोडीच भर घालते, आणि सियरची स्प्रिंग तर सियरला परत जागेवर बसवण्यासाठी असते. ती हलकी केलीस तर ट्रिगर लोण्यासारखा होईल खरा, पण कॉक करताना सियर पुरता पकडला की नुसता टेकला, हे तुला बाहेरून कळणार नाही.

चांगल्या पट्टीचं काम वेगळं असतं. ती आतल्या लिव्हरला जिथे रेटते ती जागा थोडी सरकलेली असते, त्यामुळे तेवढ्याच बोटाच्या जोरात तरफ जास्त काम करते. कटावणी लांब घेतली की खिळा सोपा निघतो, तसंच. सियरची पकड आहे तेवढीच राहते.

आता माझं सांगतो, म्हणजे मी एवढा का अडून बसतो ते कळेल. बेळगावात उद्यमबागेत माझं लेथचं छोटं शॉप आहे. पहिली रायफल घेतली तेव्हा हातात ऑइल स्टोन होता नि डोक्यात मस्ती होती. एका रविवारी सियर काढला आणि कड घासायला बसलो. आमचा जुना टर्नर शेजारी चहा पीत होता. दोन मिनिटांनी कानडीत म्हणाला, "साकु." म्हणजे पुरे. पुन्हा म्हणाला, "साकु, साकु." मी ऐकतोय कुठला! आरशासारखी चमक आली तेव्हाच थांबलो.

पहिल्या शंभर-दीडशे पेलेटना, म्हणजे छर्‍यांना, स्वर्ग. तिसऱ्या आठवड्यात बॅरल मोडून पेलेट बसवत होतो, ट्रिगरला बोटही नव्हतं, आणि सियर सुटला. बॅरल फाडकन वर आली. अंगठ्याचं नख गेलं, ते वाढलं पुन्हा; पण बॅरल वर वाकली ती वाकलीच. मागची साईट तळाला नेली तरी गोळी टार्गेटच्या वर. उघडून बघितलं तर चूक समोर होती. असले सियर साध्या पत्र्याचे कापलेले असतात, वर केस हार्डनिंगची, म्हणजे फक्त पृष्ठभाग कडक केलेली, पातळ कातडी. मी ती कातडीच उडवली होती. खालचं मऊ लोखंड महिनाभरात गोल झालं. रोज दहा जणांना हार्डनिंग शिकवणारा माणूस मी, स्वतःच्या सियरला विसरलो. म्हणून बाजूचा बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, काढायचा तर काढ, पण पकडीच्या कडेला दगड, पॉलिश पेपर, काहीही लावायचं नाही.

"दगडासारखा" म्हणजे किती ते आधी मोज. सामान तोलायचा डिजिटल काटा मिळतो, खडे बाजारातही मिळेल. पेलेट भर, रायफल पेलेट ट्रॅपकडे (छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे) धरून बांध, काट्याचा हुक ट्रिगरच्या मध्यावर लाव, सरळ मागे हळू ओढ. पाच वेळा कर नि सरासरी काढ. पेलेटशिवाय मोजू नकोस. रिकामी उडवली की समोर हवेची गादी नसते आणि पिस्टन पुढे जाऊन आपटतो. आकडा अडीच-तीन किलो आला तर तुझी तक्रार खरी. दीड किलो आला तर जड ट्रिगर नाही, खरखरीत ट्रिगर आहे, आणि त्याला किट लागत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात कंपनीचं ग्रीस चिकट होऊन बसतं. पुसून पिनांवर नि घासणाऱ्या जागी टाचणीच्या टोकाएवढं मॉली ग्रीस लावलं की निम्मं काम होतं.

पट्टीवरच्या स्क्रूंबद्दल एक. बऱ्याच स्वस्त रायफलींत तो स्क्रू वजन बदलत नाही, टप्प्याची लांबी बदलतो. पहिला टप्पा मोकळा यायला हवा, मग भिंतीसारखं काहीतरी लागायला हवं, मग सुटायला हवं. स्क्रू फिरवत फिरवत भिंतच नाहीशी झाली तर समज सियर केसावर लटकतोय. अर्धा फेरा मागे ये.

बसवताना मागची मोठी पिन स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय काढायची नाही. झाल्यावर सेफ्टी तपास: पेलेट भरून, तोंड ट्रॅपकडे, सेफ्टी लावून ट्रिगर जोरात ओढ, सोड, मग सेफ्टी काढ. सेफ्टी काढताना उडाली तर नवीन पट्टी सेफ्टीशी जुळत नाही, परत पाठव. नंतर कॉक केलेली रायफल, तोंड ट्रॅपकडेच ठेवून, दस्ता रबराच्या तुकड्यावर वीसेक वेळा आपट. एकदा जरी सुटली तरी जुनी पट्टी परत. आणि पेलेट बसवताना दुसऱ्या हातानं बॅरल घट्ट धरायची, ट्रिगर कितीही चांगला असो.

किती हलका करू, हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकात नेमबाजीचं ब्रॉन्झ आणलं, तेव्हापासून कागल-निपाणीची निम्मी पोरं मला शंभर ग्रॅमचा ट्रिगर मागतात. १० मीटर एअर रायफलला आंतरराष्ट्रीय नियमात किमान वजन नाही हे खरं. एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम आहे. पण त्या मॅच रायफलींत सियरवर एवढी दांडगी स्प्रिंग नसते. तुझ्यात आहे. किलोच्या खाली जाऊ नकोस.

मामांच्या पॉइंट तीनशे पंधरा बोअरच्या, खऱ्या काडतुसाच्या रायफलीचा ट्रिगर पण हलका करायचा म्हणतोस, तिथे मात्र हात लावायचा नाही. तुझ्या एअर रायफलीला ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आत म्हणून लायसन्स नाही. ती मात्र लायसन्सची वस्तू. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५ प्रमाणे ती दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. शिवाय ली-एनफिल्डच्या वळणाची ती, फौजेच्या हिशोबानं दुसरा टप्पा अडीच किलोच्या आसपास मुद्दाम ठेवलेला. मामांना चालतंय ना? चालू दे.

आणि ग्रुपचं म्हणशील तर मला ट्रिगरपेक्षा तुझ्या फोटोतल्या डाव्या हाताचा संशय जास्त आहे. पुढचा दस्ता मुठीत आवळून धरलायस. स्प्रिंगवाली रायफल पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आधीच हलायला लागते. आवळलीस की ती दर वेळी वेगळी उडते. तळहात उघडा ठेव, तिला नुसती टेकू दे. दस्त्याचे स्क्रू पण आवळून बघ, नव्या रायफलीत ते हमखास ढिले होतात. एवढं करून दहा-दहा पेलेटचे तीन ग्रुप मार, काट्याचा आकडा नि टार्गेटचे फोटो टाक, मग किटचे पैसे भर.