वाचक विचारतात : लाकूड नवे, तर पूल जुना कसा?

प्रश्न : मुलगी हिरोशिमाला असते. येत्या जूनमध्ये तिच्याकडे जाणार आहोत. जवळच्या इवाकुनीचा ऐतिहासिक लाकडी पूल पाहावा, असे ती म्हणते. पण त्याचे लाकूड अलीकडचेच आहे, असे ऐकतो. मग वाट वाकडी करावी का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : अवश्य करावी. जंगलाने झाकलेल्या डोंगराच्या पायथ्याशी, निशिकी नदीवर 1673 मध्ये बांधलेला हा किंताई पूल दुसऱ्याच वर्षी पुरात वाहून गेला. तो लगेच पुन्हा उभारला गेला आणि ठरावीक काळाने लाकूड बदलत 1950 च्या वादळापर्यंत टिकला. आजचा पूल 1953 चा असून त्याचे लाकूडकाम 2001 ते 2004 या काळात नव्याने झाले. आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ओहोळावरचा साकव दरवर्षी नव्याने घालतात, तरी तो त्याच वाटेवरचा साकव असतो. इथे तर सुतारांच्या पिढ्यांनी मूळ रचनाच जपली आहे.

पुलावरून चालण्यापेक्षा त्याच्या खाली उभे राहण्यात अधिक वेळ घालवा. पाच कमानींपैकी मधल्या तीन प्रत्येकी सुमारे 35 मीटरचे अंतर मध्ये एकही खांब न घेता पार करतात. एकावर एक पुढे सरकवलेल्या तुळया लोखंडी पट्ट्यांनी कशा आवळल्या आहेत, हे खालूनच दिसते. त्यामुळे ‘लोखंडाविना बांधलेला पूल’ या सांगोवांगीवर विसंबू नका. जूनमध्ये तिथेही पावसाळाच असतो, म्हणून नदीपात्रात उतरण्याआधी पाण्याचा अंदाज घ्यावा. ओलाव्यात कमानींचा चढ निसरडा होतो, तेव्हा चपला टाळाव्यात.