टर्नटेबल वायरलेस स्पीकरला जोडलं, पण आवाज फारच बारीक येतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागेल का?

अ‍ॅम्प्लिफायरवर पैसे घालवू नका. तुमचा स्पीकर पॉवर्ड आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच आहे. तुमच्याकडे नाहीये तो फोनो प्रीअ‍ॅम्प, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल स्पीकरजोगा करणारा छोटा डबा.

तुम्ही लिहिलंय की ऑक्सला (स्पीकरच्या वायर लावायच्या खाचेला) केबल लावून आवाज पूर्ण वाढवला तरी गाणं लांबून आल्यासारखं वाटतं, बेस गायब आणि झांजा तेवढ्या कानात टोचतात. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला, तिच्या थरथरीचा सिग्नल करणारा भाग) जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट निघतात आणि ऑक्सला निदान काहीशे मिलिव्होल्ट लागतात. आवाज बारीक येतो तो त्यामुळे. बेसचं कारण मात्र रेकॉर्डमध्येच आहे. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर गाणी मावायची नाहीत. वरचे सूर उलट चढवतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की खरखरही कमी होते. 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार (कुठला सूर किती दाबायचा-चढवायचा याचं ठरलेलं प्रमाण) वाजवताना हे सगळं उलटं करावं लागतं. 20 हर्ट्झच्या आसपास सुमारे 20 डेसिबल वाढ, 20 किलोहर्ट्झला जवळपास तेवढीच घट. सिग्नल मोठा करणं आणि हा वक्र उलटवणं, प्रीअ‍ॅम्प ही दोन्ही कामं करतो. म्हणूनच नुसता आवाज वाढवून किंवा स्पीकरच्या अ‍ॅपमध्ये बेस ओढून काही साधत नाही.

खरेदीआधी टर्नटेबलच्या मागे बघा. फोनो/लाइन असं लिहिलेलं बारीक बटण असेल तर प्रीअ‍ॅम्प आतच आहे. ते लाइनवर सरकवा, झालं काम. बटण नसेल तर बाहेरचा छोटा प्रीअ‍ॅम्प मध्ये लावा. दोन्ही एकदम चालू ठेवू नका, आवाज फाटतो. अर्थची सुटी वायर असेल तर ती प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला बांधा, नाहीतर मागे सतत गुणगुण राहते.

प्रीअ‍ॅम्पपासून स्पीकरपर्यंत मी तरी वायरच वापरीन: एका टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना, दुसऱ्या टोकाला 3.5 मिमीचा स्टिरिओ जॅक. स्पीकरला ऑक्सच नसेल तर प्रीअ‍ॅम्पनंतर ब्लूटूथ ट्रान्समीटर लावा. ब्लूटूथवर आवाजाचा दर्जा थोडा उतरतो आणि सुई टेकल्यावर गाणं क्षणभर उशिरा येतं, पण नुसतं ऐकायला बसलात तर त्याने काही अडत नाही. डोकं खातं ते पेअरिंग. बऱ्याच ट्रान्समीटरना स्क्रीन नसते, आणि स्पीकर ओळखीच्या फोनकडेच धाव घेतो. तेवढ्यापुरतं घरातल्या फोनचं ब्लूटूथ बंद करा. आणि स्पीकर फक्त वाय-फायवर चालणारा असेल तर हा ट्रान्समीटर निरुपयोगी.

वायर असो वा नसो, स्पीकर टर्नटेबलच्याच टेबलावर ठेवू नका. बेसची थरथर सुईपर्यंत पोचते, ती पुन्हा स्पीकरमधून वाजते आणि आवाज वाढवाल तसा घुमारा चढत जातो. शंका असेल तर तबकडी थांबलेली असताना सुई हलकेच तिच्यावर टेकवा, आवाज बेताचा ठेवा आणि टेबलावर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून धप्प ऐकू आलं की स्पीकर दुसरीकडे हलवा.