पुस्तक कोणाला हवंय, ते आधी विचार

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज जड झाला होता, म्हणून तेव्हा कामाचं काही बोलले नाही. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तुझ्या टेबलावर नोंद व्हायची ३३ नवी पुस्तकं, प्रत्येकावर ‘अर्जंट’ची चिठ्ठी, आणि संध्याकाळपर्यंत सगळी देवघेवीच्या काउंटरला गेली पाहिजेत असा वरून निरोप. तीन वाजून गेले तरी तू डबा उघडला नव्हतास. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

अगं, ३३ पुस्तकं एकाच दिवशी तातडीची नसतात. त्यांतली तीन असतील, फार तर चार. ती कोणती हे चिठ्ठीवरून कळत नाही, विचारावं लागतं. विभागप्रमुख ‘लगेच हवंय’ म्हणाले की ‘हो सर’ म्हणून पुस्तक हातात घेऊ नकोस. ‘सर, वर्गात कोणत्या दिवशी लागणार आहे?’ एवढंच विचार. बहुतेकदा उत्तर येतं, ‘पुढच्या आठवड्यात दिलंत तरी चालेल.’ यात नकार नाही की वाद नाही. तारीख हातात आली की पुस्तकं आपोआप रांगेला लागतात. त्या छापील ‘अर्जंट’ चिठ्ठ्या काढून टाक आणि साध्या कागदावर तीन ओळी लिहून घ्यायला लाग: वाचकाचं नाव, फोन नंबर, कधीपर्यंत हवं. ज्या चिठ्ठीवर माणसाचं नाव नाही ते पुस्तक तातडीच्या फळीवर जाणार नाही, हा नियम प्राचार्यांपासून सगळ्यांना सारखा ठेव. पहिले पंधरा दिवस कुरबूर होईल. मग सवय होते.

नावाचा एवढा आग्रह का धरते, ते सांगते. आमच्याकडे एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता, एसटीने रोज ये-जा करायचा. लघुप्रबंधासाठी त्याला एक पुस्तक हवं होतं, आमच्याकडे नव्हतं. मी विक्रेत्याला फोन करून ते दुसऱ्या दिवशी मागवून घेतलं. दुपारच्या सुट्टीत बसून दाखल केलं, वर्गांक म्हणजे विषयाचा आकडा दिला, लेबल चिकटवलं आणि चार वाजता शिपाई मामांच्या हाती काउंटरला पाठवलं. एका दिवसात काम झालं म्हणून मी समाधानाने घरी गेले. अकराव्या दिवशी तो मुलगा माझ्या टेबलाशी आला. ‘मॅडम, आपलं पुस्तक आलं का?’ पुस्तक दहा दिवस कपाटात उभं होतं. काउंटरला ते कोणासाठी आलंय हे माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. त्याला आल्याचं कळलं नव्हतं, कारण मी कळवलं नव्हतं. लघुप्रबंध आदल्या दिवशी जमा झाला होता. ‘असू दे मॅडम,’ म्हणाला, आणि तरीही ते पुस्तक घरी वाचायला घेऊन गेला.

ते ‘असू दे’ मी अजून विसरलेले नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन, त्यांचं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, तू परीक्षेत लिहिलं असशील, मीही लिहिलं होतं. १९३१ सालच्या त्या पाच सूत्रांत कुठेही तालिकाकाराचा, म्हणजे नोंदी करणाऱ्याचा, वेळ मोजायला सांगितलेलं नाही. घड्याळ वाचकाचं चालू असतं. पुस्तक त्याच्या हातात पडेपर्यंत तुझं काम संपलेलं नाही.

तुमच्याकडे आता कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे, म्हणजे हे काम मला होतं त्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे, फक्त दोन ठिकाणी लक्ष ठेव. मागणी नोंदवतानाच पुस्तकाची त्रोटक नोंद कर आणि प्रतीची स्थिती ‘ऑर्डर्ड’ ठेव, कोहात तिचा आकडा उणे १. उणे आकड्याच्या स्थितीतल्या पुस्तकावर वाचकाला आरक्षण टाकता येतं, म्हणून ज्याने मागितलंय त्याचं आरक्षण तिथेच टाकून ठेव. पुस्तक तयार झालं की ही उणे १ काढायला विसरू नकोस. ती राहून गेली तर पुस्तक फळीवर आणि संगणकावर मात्र ‘मागवले आहे’, असा घोळ होतो आणि वाचक दाराशी येऊन परत जातो. दुसरं म्हणजे, पुस्तक फळीकडे पाठवण्याआधी एकदा ‘चेक इन’ कर. ते कोणी परत केलेलं नाही, नवं कोरं आहे, तरी कर. त्याच क्षणी पडद्यावर वाट पाहणाऱ्याचं नाव येतं. नाव आलं की फोन उचल आणि स्वतः कळव. मेसेज जाईल न जाईल, तुझा आवाज नक्की पोचतो.

आता काय गाळायचं आणि काय नाही, ते.

पानं तपासणं कधीही गाळू नकोस. मराठी पुस्तकं बहुतेक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांची, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या जुडग्यांची, असतात. मग १७, ३३, ४९, ६५ अशी पानं उघडत जा आणि प्रत्येक ठिकाणी मागच्या पानाशी क्रमांक जुळतो का एवढंच पाहा. तीनशे पानांच्या पुस्तकाला दोन-तीन मिनिटं लागतात. एखादा फर्मा गहाळ असतो, एखादा दोनदा बांधलेला, एखादा उलटा. हे शिक्का मारण्याच्या आधी करायचं, कारण शिक्का पडला की विक्रेता पुस्तक परत घेत नाही. एकदा स्पर्धा परीक्षेच्या एका मुलीसाठी मी घाईत आधी शिक्के मारले. तिसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन परत आली. ९६ नंतर थेट ११३. तिला नेमकं त्याच प्रकरणाचं काम होतं. दुसऱ्या ग्रंथालयातून त्या १६ पानांच्या झेरॉक्स आणवून आम्ही त्यात चिकटवल्या. तिचे चार दिवस गेले ते गेले.

दाखल क्रमांकाचंही, म्हणजे नोंदवहीत प्रत्येक प्रतीला मिळणाऱ्या क्रमांकाचंही, तसंच. घाईत एकजण नोंदवहीत क्रमांक लिहितो, दुसरा बारकोडचा रोल घेऊन बसतो, आणि एकच क्रमांक दोन पुस्तकांवर जातो. ते उघड होतं थेट साठा पडताळणीत. तातडीच्या पुस्तकाला एकाच माणसाने क्रमांक द्यायचा, आणि त्याच हाताने बिलाच्या मागे लिहायचा.

नोंद त्रोटक चालेल, पण जेवढी असेल तेवढी खरी हवी. शीर्षक शीर्षकपानावरून घे, मुखपृष्ठावरून नको. दोन्हीकडे ते वेगळं छापलेलं मी शेकड्याने पाहिलंय. लेखक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पानं, आणि आयएसबीएन असेल तर तो. टिपा, मालिका, दुसरे-तिसरे विषय राहू दे, नंतर होतील. अनुवादकाचं नाव मात्र पहिल्याच फेरीत घाल. पुष्कळ ठिकाणी ते मागे ठेवतात, आणि मला ते पटत नाही. आपल्याकडचा वाचक ‘त्या अमक्यांनी केलेला अनुवाद द्या’ असंच मागतो. मूळ लेखकाच्या नावाचा उच्चार त्याला कित्येकदा येत नाही, अनुवादक त्याच्या ओळखीचा असतो.

वर्गांकावरून अडून बसू नकोस. मराठी कादंबरी असेल तर ड्यूई पद्धतीतल्या ८९१.४६३ वर पोच आणि पुढे हो. शेतकऱ्यांच्या कर्जावरचं पुस्तक ३३८.१ मध्ये शेतीच्या अर्थशास्त्रात घालायचं की ३३२.७१ मध्ये शेतीच्या पतपुरवठ्यात, हा प्रश्न खरा आहे, त्यासाठी अनुक्रमणिका नीट वाचावी लागते. ती वाचायला आज वेळ नसेल तर एक आकडा आत पेन्सिलीने लिही आणि कण्यावर लेबल चिकटवू नकोस. लेबल एकदा चिकटलं की उचकटताना कव्हरचं लॅमिनेशन सोलून येतं, आणि मग त्या भीतीनेच चुकीचा आकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो. पुस्तक परत येईल तेव्हा शांतपणे ठरव.

लेखकाच्या नावाचं सांगते, कारण घाईची खरी किंमत तिथे मोजावी लागते. नाव टाइप करू नकोस, प्रमाण नावांच्या यादीतून निवड. टाइप केलंस की एकदा ‘शिरवाडकर, वि.वा.’, एकदा ‘शिरवाडकर, वि. वा.’, एकदा ‘शिरवाडकर, विष्णू वामन’ होतं, आणि एका माणसाची तीन माणसं होतात. त्यात कविता कुसुमाग्रज या नावाने, म्हणजे चौथा. दोन नावं एकमेकांना ‘हेही पाहा’ने जोडलेली असतील तर कविता शोधायला आलेला मुलगा नाटकांपर्यंत पोचतो. नसतील तर त्याला वाटतं, आपल्याकडे यांचं एवढंच आहे. आरती प्रभु आणि चिं. त्र्यं. खानोलकर, अनिल आणि आ. रा. देशपांडे, आपल्या भाषेत अशी जोडनावं किती आहेत बघ. नाव यादीत सापडलं नाही तर नवं बनवू नकोस, शीर्षकपानावर जसं आहे तसं लिही आणि नोंदीवर खूण कर. खुणेचं पुढे सांगते.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, बाहेरच्या कोणाला सुचणार नाही. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो. एकात नुक्त्याचा र वापरलेला असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. तुझा कीबोर्ड एका तऱ्हेचा आणि आणून चिकटवलेली नोंद दुसऱ्या तऱ्हेची असली तर पुस्तक समोर असूनही सापडत नाही. म्हणून तातडीची नोंद जतन केलीस की लगेच वाचकाच्या बाजूने शोध पेटीत शीर्षक स्वतः टाइप करून बघ. सापडलं तरच पुढे जा.

आणून चिकटवलेल्या नोंदीवरून आठवलं. झेड ३९.५० वरून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घ्यायच्या सोयीतून, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद मिळाली तर जरूर घे. त्यांचं दिल्लीचं कार्यालय १९६२ पासून आपल्याकडच्या भाषांतली पुस्तकं गोळा करतंय, आणि त्यांचं काम काळजीचं असतं. पण नोंद रोमन लिपीत असते, अक्षरांवर-खाली रेघा-टिंबांसह. देवनागरी असलीच तर ती ८८० क्रमांकाच्या रकान्यात. आपला वाचक ते टिंब टाइप करणार नाही. २४५ या शीर्षकाच्या रकान्यात देवनागरी शीर्षक आलं पाहिजे, तेवढं केल्याशिवाय ती नोंद तयार झाली असं समजू नकोस.

आता खूण. अपुऱ्या नोंदीच्या लीडरमध्ये, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या सांकेतिक ओळीत, १७ क्रमांकाच्या जागी ५ घाल, म्हणजे ‘प्राथमिक’. नोंद पूर्ण झाली की ती जागा रिकामी कर. आणि ९५२ या प्रतीच्या माहितीच्या रकान्यातल्या एक्स या कर्मचाऱ्यांपुरत्या टिपेत काय राहिलंय ते दोन शब्दांत लिही: ‘विषय, वर्गांक तपासणे’. असं केलंस की सगळ्या ५ वाल्या नोंदींची यादी एका अहवालात निघते. हे न केल्यामुळे काय होतं ते मी एका ग्रंथालयात पाहिलंय. ‘नवीन पुस्तक’ एवढ्याच शीर्षकाच्या नोंदी, आठ-नऊ वर्षं जुन्या, लेखक नाही, वर्ष नाही. प्रत्येक नोंद कोणीतरी ‘उद्या पुरी करू’ म्हणून ठेवलेली. पुस्तकं फळीवर होती, चांगली होती, कोणाला कधी सापडली नाहीत.

मार्चअखेरची गोष्ट निराळी, आणि ती याच्यात मिसळू देऊ नकोस. अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवं म्हणून खोकी येतात, बिलं मंजूर व्हायला दाखल क्रमांक लागतात. ती तातडी बिलाची आहे. त्या पुस्तकांची पानं तपास, क्रमांक दे, शिक्के मार, बिलावर नोंद कर आणि गठ्ठे बांधून ठेव. तालिकीकरण, म्हणजे संगणकातली नोंद, एप्रिलमध्ये कर. पण त्या खोक्यांतल्या एखाद्या पुस्तकासाठी नावानिशी कोणी उभं असेल तर ते गठ्ठ्यातून काढून आधी कर. तुझ्या ३३ पैकी बरीच अशीच असणार, मला फोनवरच वाटलं होतं.

सोमवारी गेलीस की पहिल्यांदा नावांच्या चिठ्ठ्या कर, आणि दुपारी अपुऱ्या नोंदींची यादी काढ. मागच्या वर्षांत खूण केलेली नसेल तर ज्या नोंदींना विषयच नाही त्या शोध, आकडा साधारण तोच येईल. मला फोन करून सांग किती निघाल्या. शनिवारी मी येते, दोघी मिळून बसू. डबा मी दोघींचा आणते, तू दुपारी दीडला जेवायचं.

तुझी,
मॅडम